फॅटबाइकला कॅरिअर बसवताना

केळशीहून आंजर्ल्याकडे येताना आडे-पाडल्याच्या बाजूला रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. तिथल्या एका खड्ड्यात माझ्या फॅटबाइकचं मागचं कॅरिअर डावीकडे कलंडलं. उतरून पाहिलं, तर डाव्या पायाचा बोल्ट मुळाशी तुटलेला. बोल्टचं डोकं आणि त्यावर ओवलेले वायसर रस्त्यावर विखुरले होते. मोजले तर अकरा भरले. उरलेला तुकडा फ्रेमच्या भोकात आत रुतून बसला होता आणि पिशवी टायरला घासत होती. एका मच्छीमार काकांनी होडीतली नायलॉनची दोरी कापून दिली, तिने कॅरिअर आवळून दापोली गाठली. तिथल्या लेथवाल्याने तो तुकडा ड्रिलने काढला, आटे साफ केले आणि अकरा वायसरच्या जागी ॲल्युमिनियमचा एकच अखंड स्पेसर कातून दिला. तोच स्पेसर आजही माझ्या सायकलला आहे.

ते कॅरिअर दुकानात बसवून घेतलं होतं. बसवणारा हाताचा कुशल होता, पण सवय साध्या सायकलींची. फॅटबाइकचं गणित वेगळं असतं. ही सायकल मुळात अलास्कातल्या बर्फासाठी आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या वाळूसाठी घडत गेली. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्स्ली बाजारात आली, तेव्हा कुठे जवळजवळ चार इंची टायरची सायकल तयार विकत मिळू लागली. आपल्याकडे ती आता गल्लोगल्ली दिसते, कॅरिअर मात्र बहुतेक दुकानांत अजून बारीक टायरच्या मापाचंच मिळतं. म्हणून ही कृती सविस्तर लिहितो आहे. घरच्या घरी एका सुट्टीच्या दिवसात होण्यासारखं काम आहे.

आधी मोजमाप

कॅरिअर विकत घेण्याआधी सायकल मोजा. उलट्या क्रमाने केलेला खर्च वाया जातो.

टायरमध्ये रस्त्यावर ठेवता तेवढी हवा भरा आणि सर्वांत रुंद जागी माप घ्या. टायरवर २६ × ४ लिहिलेलं असलं, तरी रिम किती रुंद आहे त्यावर प्रत्यक्ष माप थोडं कमी-जास्त भरतं. ठोकळमानाने १०० मि.मी. धरा. त्यात दोन्ही बाजूंना किमान १२-१२ मि.मी. मोकळी जागा मिळवा. म्हणजे कॅरिअरचे पाय टायरच्या उंचीवर एकमेकांपासून १२५ मि.मी. तरी लांब हवेत. वरच्या बाजूला टायर आणि कॅरिअरची फळी यांत २५ मि.मी. सोडा. कोकणातला लाल चिखल टायरला थापला जातो, तो जायला वाट लागते.

दुसरं माप उंचीचं. साधा २६ × २ टायर उभा मोजला तर ६६० मि.मी.च्या आसपास भरतो, तोच २६ × ४ टायर ७४०च्या पुढे जातो. म्हणजे ॲक्सलपासून टायरचा माथा चाळीसेक मि.मी.ने वर सरकला. २६ इंची सायकलचं म्हणून घेतलेलं कॅरिअर इथे टेकतं ते याच कारणाने. २९ इंची चाकासाठी केलेलं, पाय लांब-आखूड करता येणारं कॅरिअर उंचीला पुरतं, पण रुंदीला पुरेल असं गृहीत धरू नका.

तिसरं माप सगळ्यांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच राहून जातं. मागच्या चाकाचा हब फ्रेममध्ये जिथे बसतो, त्या दोन आतल्या कडांमधलं अंतर. साध्या गिअरच्या सायकलला ते बहुधा १३५ मि.मी. असतं. फॅटबाइकला १७०, १७७, १९० किंवा १९७ असतं. काही स्वस्त सायकलींना १३५ही सापडतं. १९०ची फ्रेम असेल, तर साध्या कॅरिअरचे पाय दोन्हीकडून मिळून ५५ मि.मी. ताणावे लागतील. ॲल्युमिनियमचं कॅरिअर असं ताणून बसवलं, तर ते पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच ताणाखाली असतं आणि जोडापाशी चीर घेतं. तेव्हा फॅटबाइकसाठीच केलेलं रुंद कॅरिअर शोधा. ते मिळत नसेल, तर चांगल्या वेल्डरकडून १० मि.मी. लोखंडी सळईचं बनवून घ्या. वजन वाढेल, पण वाटेत मोडलं तर कोकणातल्या कुठल्याही गावात जोडून मिळेल. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर हा मुद्दा वजनापेक्षा मोठा आहे.

आता फ्रेमला भोकं कुठे आहेत ते पाहा. ॲक्सलच्या वरच्या अंगाला दोन्ही बाजूंना आट्यांची भोकं असली की निम्मं काम झालं. ती जवळजवळ नेहमी एम-५ मापाची असतात, म्हणजे ५ मि.मी. व्यासाचा बोल्ट आणि ०.८ मि.मी.चा आटा. वरची दोन भोकं सीटच्या खाली, मागच्या नळ्यांवर असतात. ती नसली तर घाबरायचं कारण नाही. सीटची नळी आवळणारी कडी बदलून तिच्या जागी दोन्ही बाजूंना भोकं असलेली कडी मिळते. तिच्यासाठी फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून न्या, अंदाजाने घेतलेली कडी बसत नाही. खालची भोकंच नसतील आणि चाकाला जाड थ्रू-ॲक्सल असेल, तर ओल्ड मॅन माउंटनसारख्या कंपन्यांची कॅरिअर थेट ॲक्सलवर बसतात. त्यांत सामानाचा भार बारीक बोल्टऐवजी ॲक्सलवर येतो. ही सर्वांत भक्कम पद्धत, पण माल परदेशातून मागवावा लागतो आणि किंमत बरीच पडते.

फ्रेमला नवीन भोक मात्र कधीही पाडू नका. कार्बनची फ्रेम किंवा कार्बनचा फोर्क असेल, तर कसलीही क्लिप आवळू नका. अशा सायकलवर सामान पट्ट्यांच्या पिशव्यांतच जावं.

साहित्य

मोजलेल्या मापाचं कॅरिअर. एम-५चे स्टेनलेस बोल्ट, वेगवेगळ्या लांबीचे, प्रत्येकी दोन जास्त. ३०४चं स्टेनलेस चालतं. समुद्रकाठी फिरणार असाल आणि ३१६ मिळालं, तर तेच घ्या. काळे हाय-टेन्साइल बोल्ट ताकदीला चांगले, पण खाऱ्या हवेत चार दिवसांत तांबूस होतात. रुंद वायसर, नायलॉनची कडी असलेले नट, ४ आणि ५ मि.मी.च्या लांब दांड्याच्या ॲलन की, ८चा पाना, एम-५ × ०.८चा टॅप, कानस, निळा थ्रेडलॉक, जुन्या ट्यूबचे तुकडे, आणि गडद रंगाच्या नेलपॉलिशची बाटली. मुंबईत हे नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतात. बाकी गावांत हार्डवेअरचं जुनं दुकान गाठावं. मॉलमधल्या तयार पाकिटांत बोल्टची प्रत कळत नाही.

मागचं कॅरिअर

सायकल उलटी न करता उभीच ठेवा, दाराच्या कडीला किंवा खुंटीला सीट दोरीने टांगली तरी चालेल. उलट्या सायकलवर कॅरिअरचा तोल डोळ्यांना कळत नाही.

भोकांपासून सुरुवात करा. नव्या फ्रेमच्या आट्यांत रंग भरलेला असतो. बोल्ट जोर लावून आत घुसवलात, तर आटे तिरके पडतात आणि ॲल्युमिनियममध्ये ती चूक भरून काढणं अवघड. टॅपला तेलाचा एक थेंब लावून हाताने फिरवा: अर्धा फेरा पुढे, पाव मागे. रंगाचा भुगा बाहेर येईल. मग बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवा. आटे आधीच गेले असतील, तर ५ मि.मी.चं ड्रिल मारून एम-६चे आटे पाडून घेता येतात. हे काम लेथवाल्याकडेच द्या.

कॅरिअर फ्रेमवर धरा आणि डाव्या पायाकडे बघा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर इथेच असतो आणि कॅरिअरचा पाय बहुतेक वेळा त्याच्यावरच येतो. त्याला चुकवायला पाय बाहेर घ्यावा लागतो, म्हणून मधे स्पेसर येतो. माझा बोल्ट तुटला त्याचं मूळ इथे होतं. पाय फ्रेमला चिकटून असला, की बोल्टवर कातरणारा जोर येतो. तो बोल्ट सहज सोसतो. पाय फ्रेमपासून दूर गेला, की तोच बोल्ट तरफेसारखा वाकू लागतो. स्पेसर दुप्पट लांब झाला, तर बोल्टच्या मुळाशी वाकवणारा जोरही दुप्पट. प्रत्येक खड्ड्याला तो थोडा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि एक दिवस कापल्यासारखा तुटतो. वायसरची चळत तर स्पेसरच नव्हे. प्रत्येक दोन वायसरमध्ये सूतभर फट, थोडा रंग, थोडी धूळ असते. ती चळत दबत जाते आणि बोल्टचा कस ढिला पडतो.

तेव्हा स्पेसर एकच, अखंड, १५-१६ मि.मी. व्यासाचा आणि दोन्ही तोंडं सपाट कातलेला असा करून घ्या. लांबी कमीत कमी: कॅलिपर आणि पाय यांत ३ मि.मी. फट राहिली, तरी पुरे. मी स्वतः २० मि.मी.पेक्षा लांब स्पेसर वापरत नाही. त्याहून जास्त लागत असेल, तर ते कॅरिअर त्या सायकलचं नव्हे. उजव्या बाजूला स्पेसरची गरज नसली, तरी कॅरिअर मधोमध राहावं म्हणून अनेकदा तेवढाच घालावा लागतो.

बोल्टची लांबी मोजून काढा. स्पेसर १५, कॅरिअरच्या पायाची जाडी ६, वायसर १ आणि फ्रेममधले आटे ८, बेरीज ३०. म्हणजे ३० मि.मी.चा बोल्ट. जागा असेल तिथे आणखी ६ मि.मी. लांब घेऊन आतल्या अंगाने नायलॉनचा नट चढवा. बोल्टला दोन्हीकडून आधार मिळतो, आणि आटे सुटले तरी तो गळून पडत नाही.

उजव्या बाजूला मात्र जपा. आत चेन आहे. बोल्टचं टोक फ्रेमच्या आतल्या कडेपलीकडे दोन मि.मी. जरी आलं, तरी चेन सर्वांत लहान चक्रीवर गेली की त्याला घासते, क्वचित तिथे अडकून चाक जाम करते. गिअर शेवटच्या लहान चक्रीवर घ्या, पायडल फिरवा आणि टोकाकडे नीट बघा. लांब झालेला बोल्ट कानसने घासून नेमका कडेला आणा. घासण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवा; नंतर तो काढला, की टोकाचे आटे आपोआप साफ होतात.

आता बसवायला घ्या. बोल्टला थ्रेडलॉकचा एक थेंब लावा. चारही बोल्ट आधी हातानेच, दोन-तीन आटे धरतील इतपतच फिरवा. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याला हात घातला, की चौथं भोक जुळत नाही, आणि मग माणूस जोर करतो. चारही धरले की कॅरिअरच्या फळीवर पाणसळ ठेवा. मोबाइलमधली पाणसळही चालते, फक्त सायकल सपाट जमिनीवर आणि दोन्ही चाकांत नेहमीची हवा हवी. फळी आडवी असावी किंवा सीटच्या बाजूला किंचित उतरती. मागे उतरती असली, तर सामान हळूहळू मागे सरकतं आणि चढावर पुढचं चाक हलकं पडतं. मागून उभं राहून पाहा: टायर दोन्ही पायांच्या बरोबर मधे दिसायला हवा. सगळं जुळल्यावर आधी खालचे दोन, मग वरचे दोन बोल्ट आवळा.

किती आवळायचं? एम-५ला ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल, तर ॲलन कीच्या लांब दांड्यावर बोल्टपासून १० सें.मी. अंतरावर पाच किलो वजन उचलण्याइतका जोर लावा. बेरीज तीच होते. हाताला अंदाज नसला, तर ताणकाटा अडकवून एकदा ओढून पाहा, पुढे हात विसरत नाही.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅरिअरवर जाणारी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. बोल्ट ढिला पडला, की रेघ तुटते. रोज संध्याकाळी पाना न काढता, नुसतं वाकून चारही रेघा बघता येतात. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या. कॅरिअर न काढता मागचं चाक बाहेर येतं का? पंक्चर घरासमोर होत नाही, तेव्हा हे आजच करून पाहा. आणि हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून, मागच्या ब्रेकची केबल कॅरिअरच्या नळीखाली दबत नाही ना, ते बघा. जिथे टेकते तिथे ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

पुढची बाजू

पुढे मी पूर्ण कॅरिअर लावत नाही, फोर्कच्या दोन्ही पायांवर एकेक पिंजरा लावतो. फोर्कला एका रेषेत तीन भोकं असतील, तर बाटलीच्या पिंजऱ्यासारखीच ती एकमेकांपासून ६४ मि.मी.वर असतात आणि त्यांवर मोठा पिंजरा थेट बसतो. प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ३ किलो. भोकं नसलेल्या लोखंडी फोर्कला ट्यूबचा थर देऊन होज क्लिपने पिंजरा आवळता येतो. मग वजन अर्धंच ठेवा, पाण्याची बाटली किंवा झोपायची पिशवी इतपत. उसळणारा सस्पेन्शन फोर्क असेल, तर त्याच्या पातळ नळ्यांवर क्लिप करकचून आवळू नका. दोन्ही बाजूंचं वजन सारखं भरलं पाहिजे. एकीकडे अर्धा किलो जास्त झालं, तरी वाळूत हॅण्डल त्या बाजूला ओढतं.

सामान आणि चाचणी

कॅरिअरवर त्याची क्षमता लिहिलेली असते, बहुधा २५ किलो. तो आकडा कॅरिअरचा आहे. तुमच्या स्पेसरचा आणि बोल्टचा नाही. मी मागे नऊ किलोच्या वर जात नाही. जड वस्तू बाजूच्या पिशव्यांत खाली, तंबूसारखी हलकी आणि लांब वस्तू वर आडवी. बांधायला महागड्या पट्ट्यांइतकाच जुन्या ट्यूबचा पट्टा चांगला. दूधवाले किटल्या त्यानेच बांधत आले आहेत: घसरत नाही, ताण धरून ठेवतो आणि वाटेत कुठेही मिळतो. सुटं टोक तेवढं आत खोचा, ते आऱ्यांत जाता कामा नये. नेहमीचे बूट घालून पायडल मागे फिरवा. टाच पिशवीला लागत असेल, तर पिशव्या मागे सरकवा.

निघण्याआधी दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या पाण्याने भरून मागे बांधा; बरोबर आठ किलो होतात. जवळचा सर्वांत वाईट रस्ता निवडा आणि दहा किलोमीटर चालवा. परत आल्यावर रेघा बघा. पहिल्या फेरीत स्पेसर आणि पाय एकमेकांत बसतात, त्यामुळे एखादा बोल्ट पाव फेरा फिरतोच. तो काढून, थ्रेडलॉक नव्याने लावून आवळा.

हवेचंही तंत्र आहे. सामानासकट डांबरी रस्त्यावर १५ ते १८ पीएसआय आणि ओल्या वाळूवर ८च्या आसपास मला बरं पडतं. वजनाप्रमाणे प्रत्येकाचं थोडं बदलेल. हवा कमी केली, की टायर बाजूला फुगतो. म्हणून मोकळी जागा ८ पीएसआयलाही एकदा बघून घ्या, स्वतः सीटवर बसून आणि दुसऱ्या कुणाला तरी मागून पाहायला सांगून.

कोकण किनाऱ्याने खाली जाताना वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींवर सायकल सामानासकट चढते. उतरल्यावर कॅरिअर हाताने हलवून पाहण्याची ती चांगली जागा. पुळणीवरून चालवलीत, तर त्याच रात्री गोड्या पाण्याने सायकल धुवा: बोल्टची डोकी, स्पेसरच्या कडा, आऱ्यांची टोकं. मीठ ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्या मधे साचलं, की पुढच्या वर्षी बोल्ट निघत नाही. आणि एक कळकळीची विनंती. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं समुद्राकडे निघतात. त्या दिवसांत तिथल्या पुळणीवर सायकल उतरवू नका, रस्त्यानेच जा.

सोबत ४ आणि ५च्या ॲलन की, दोन नट आणि प्रत्येक मापाचे दोन जादा बोल्ट असू द्या. ते मोठ्या पिशवीत टाकू नका. चिकटपट्टीत गुंडाळून हवेच्या पंपाला चिकटवून ठेवा, म्हणजे कॅरिअर कलंडलेलं असताना सामान सोडत बसावं लागत नाही.